एका कळीला एक विंडो : 'डब्ल्यूएम-कंट्रोल' आणि 'एक्सडूटूल' यांचे परीक्षण

अप्पा बळवंत चौकातल्या एका प्रकाशनगृहासाठी मी सदाशिव पेठेतल्या माझ्या घरून मुद्रितशोधनाचे काम करतो. आषाढ सरला की दिवाळी अंकांची पाने येऊ लागतात आणि तेव्हापासून नवरात्रापर्यंत माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर एका वेळी पाच विंडो उघड्या असतात : पानांची पीडीएफ, लेखकाने पाठवलेले मूळ लेखन, अंकापुरते घेतलेले शुद्धलेखनाचे निर्णय नोंदवलेला तक्ता, शब्दकोश उघडलेला ब्राउझर आणि ईमेल. एखाद्या शब्दाविषयी शंका आली की पीडीएफवरून ब्राउझरकडे, तेथून तक्त्याकडे, मग मूळ लेखनाकडे आणि शेवटी पुन्हा पीडीएफकडे यावे लागते. ही ये-जा दिवसभर चालते. गेल्या दोन हंगामांत ती मी एका छोट्या शेल स्क्रिप्टवर, म्हणजे फाइलमध्ये लिहून ठेवलेल्या कमांडांच्या यादीवर, सोपवली असून, त्या स्क्रिप्टच्या मुळाशी असलेल्या, लिनक्सवर चालणाऱ्या 'डब्ल्यूएम-कंट्रोल' आणि 'एक्सडूटूल' या दोन साधनांचे हे परीक्षण आहे.

ऑल्ट आणि टॅब या कळांची जोडी प्रत्येक संगणकावर असताना वेगळ्या साधनाची गरज काय, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आणि तो रास्त आहे. ऑल्ट-टॅब विंडोंचा क्रम त्यांच्या अलीकडच्या वापरावरून लावते. दोन विंडोंमध्येच ये-जा असेल, तर याहून सोयीचे काही नाही. विंडो पाच झाल्या की मात्र तीच विंडो कधी दुसऱ्या, कधी चौथ्या जागी सापडते आणि टॅबची कळ किती वेळा दाबायची हे ठरवण्यासाठी प्रत्येक वेळी पडद्यावरची चित्रे पाहावी लागतात. मुद्रितशोधकाची नजर ओळीवरून हलली की ती परत नेमक्या त्याच शब्दावर बसवायला वेळ जातो आणि सुटलेला अनुस्वार बहुधा अशाच जागी सुटलेला असतो. मला हवे होते ते एवढेच, की अमुक कळ दाबली की पीडीएफ आणि तमुक दाबली की तक्ता. आधी मी कुठे होतो याचा त्यावर काही परिणाम होऊ नये.

पहिल्या साधनाचे नाव टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टंकण्याच्या विंडोत, 'डब्ल्यू, एम, सी, टी, आर, एल' या सहा अक्षरांनी टंकावे लागते. 'विंडो मॅनेजर कंट्रोल' या शब्दांचा तो संक्षेप आहे. टोमाश स्टिब्लो यांनी ते लिहिले, ते जीपीएल परवान्याखाली मोफत मिळते आणि त्याची 1.07 ही आवृत्ती 2005 सालची आहे. वीस वर्षे जुनी आवृत्ती आजही जशीच्या तशी चालते याचे कारण त्याच्या कामाच्या स्वरूपात आहे. लिनक्सच्या जुन्या चित्रप्रणालीत, म्हणजे 1984 मध्ये एमआयटीत सुरू झालेल्या आणि 1987 पासून अकराव्या आवृत्तीवर स्थिरावलेल्या 'एक्स'मध्ये, विंडो मॅनेजर (पडद्यावरच्या विंडो सांभाळणारा प्रोग्राम) उघड्या विंडोंची यादी एका ठरलेल्या नावाने मूळ विंडोवर नोंदवून ठेवतो आणि 'अमुक विंडो पुढे आण' असा निरोप कोणत्याही प्रोग्रामकडून स्वीकारतो. हा संकेत सर्व प्रमुख विंडो मॅनेजरांनी मान्य केलेला आहे. डब्ल्यूएम-कंट्रोल ती यादी वाचते आणि तो निरोप पोहोचवते. पार्श्वभूमीत ते सतत चालू राहत नाही, सांगितलेले काम करते आणि लगेच संपते. टापकीर गल्लीतून घेतलेल्या माझ्या जुन्या लॅपटॉपची मेमरी जेमतेम 4 जीबी आहे आणि त्यावर या साधनाचा भार मला कधीही जाणवलेला नाही.

जॉर्डन सिसेल यांचे एक्सडूटूल अधिक मोठ्या पल्ल्याचे आहे. ते विंडो शोधते, पुढे आणते, शिवाय कळफलक आणि माउस यांच्या हालचालींची नक्कलही करते. दोन्ही साधने उबुंटू आणि मिंट या लिनक्सच्या वितरणांच्या भांडारात असल्यामुळे 'ऍप्ट' या स्थापना-साधनाची एक कमांड दिली की स्थापना होते.

स्थापनेनंतर टर्मिनलमध्ये डब्ल्यूएम-कंट्रोलला 'डॅश एल' हा पर्याय दिला की उघड्या विंडोंची यादी मिळते. पहिल्या रकान्यात विंडोचा क्रमांक, दुसऱ्यात ती ज्या वर्कस्पेसवर (आभासी पडद्यावर) आहे त्याचा क्रमांक, मग संगणकाचे नाव आणि शेवटी विंडोचे शीर्षक येते. सर्व वर्कस्पेसांवर दिसावी म्हणून चिकटवलेल्या विंडोपुढे वर्कस्पेसच्या जागी उणे एक असतो. यादीबरोबर 'डॅश एक्स' जोडला की विंडोचा वर्गही कळतो. मराठी शीर्षके टर्मिनलमध्ये नीट दिसतात, ही माझ्यासाठी पहिली समाधानाची गोष्ट होती. क्वचित एखाद्या व्यवस्थेत ती बिघडलीच, तर 'डॅश यू' देऊन यूटीएफ-8 सक्तीने लागू करता येते.

सुरुवात मी एका ओळीने केली. 'डॅश ए' या पर्यायापुढे शीर्षकाचा एखादा भाग दिला की तो भाग ज्या पहिल्या विंडोच्या शीर्षकात सापडेल ती विंडो पुढे येते. ती दुसऱ्या वर्कस्पेसवर असेल तर पडदा त्या वर्कस्पेसवर जातो. अशी विंडो सापडली नाही तर कमांड अपयशाचा संकेत परत करते. त्यामुळे पुढे शेलच्या दोन उभ्या रेघा टाकून प्रोग्रामचे नाव लिहिले, की 'उघडा असेल तर पुढे आण, नसेल तर सुरू कर' असा अर्थ होतो. ज्यांना एवढेच पुरेसे आहे, त्यांना पुढचा खटाटोप करण्याची गरजही नाही. पंधरा मिनिटांत हे जमते आणि संपूर्ण परीक्षणात मी सर्वांत निःशंकपणे शिफारस करतो ती या एका ओळीची.

शीर्षकावर विसंबण्यातला धोका मात्र मला पहिल्याच आठवड्यात कळला. तक्त्याच्या फाइलचे नाव मी 'लेखननियम' असे ठेवले होते आणि त्याच शब्दावर कळ बांधली होती. संपादकांनी त्या विषयावर पत्र पाठवले, ते वेगळ्या विंडोत उघडले आणि त्या विंडोच्या शीर्षकातही तोच शब्द आला. पुढची दहा मिनिटे मी तक्त्यात करायच्या नोंदी पत्राच्या उत्तरात टंकत होतो. ब्राउझरच्या बाबतीत हा प्रश्न आणखी अवघड होतो, कारण त्याच्या विंडोचे शीर्षक म्हणजे त्या क्षणी समोर असलेल्या टॅबचे शीर्षक. शब्दकोशाच्या नावाने शोध घेतला आणि त्याच विंडोत दुसरा टॅब समोर असला, तर विंडो उघडी असूनही सापडत नाही.

मराठीत याहून सूक्ष्म अडचण आहे आणि ती इतरत्र कोठे लिहिलेली मला आढळली नाही, म्हणून येथे जरा विस्ताराने नोंदवतो. 'दुसऱ्या' या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे टंकला जातो : 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरून, किंवा साध्या 'र'चा पाय मोडून त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, परंतु संगणकाच्या लेखी ती वेगवेगळ्या अक्षरांची बनलेली असतात. प्रकाशनगृहाच्या कार्यालयातून आलेल्या 'दुसऱ्या वाचनाची पाने' या फाइलचे नाव एका पद्धतीने टंकलेले होते आणि माझ्या स्क्रिप्टमधले दुसऱ्या पद्धतीने. विंडो समोर दिसत असताना स्क्रिप्ट तिला ओळखत नव्हती आणि प्रत्येक वेळी त्याच फाइलची नवी विंडो उघडत होती. कारण सापडायला मला एक संध्याकाळ लागली. शीर्षकावरच शोध घ्यायचा असेल, तर फाइलच्या नावात 'ऱ्या' आणि 'ऱ्हा' येणार नाहीत अशी काळजी घ्यावी, किंवा शोधासाठी नावातला सरळ भाग निवडावा. लहान-मोठ्या अक्षरांचा भेद देवनागरीत नसल्यामुळे त्या बाबतीत मात्र आपल्याला काहीच करावे लागत नाही. रोमन शीर्षकांतही डब्ल्यूएम-कंट्रोल तो भेद आपण सांगितल्याशिवाय मानत नाही.

यावरचा खरा उपाय म्हणजे शीर्षक सोडून वर्गावर शोध घेणे. वर्ग हे प्रोग्रामने स्वतःच्या विंडोला दिलेले नाव असते आणि कोणतीही फाइल उघडली तरी ते बदलत नाही. एव्हिन्स या पीडीएफ वाचकाच्या विंडोंना 'एव्हिन्स' हा वर्ग असतो. फायरफॉक्सच्या विंडोचा वर्ग माझ्या यादीत 'नॅव्हिगेटर' आणि 'फायरफॉक्स' असा जोडनावाने येतो. त्यातल्या पहिल्या नावाने नेटस्केपच्या काळाची आठवण अजून जपली आहे, हे पाहून मला आनंद झाला. लिबरऑफिसने येथे विशेष समंजसपणा दाखवला आहे : लेखनासाठीचा 'रायटर' आणि तक्त्यांसाठीचा 'कॅल्क' यांचे वर्ग वेगळे आहेत, त्यामुळे एकाच संचातले दोन प्रोग्राम असूनही मूळ लेखन आणि तक्ता यांना स्वतंत्र कळा देता येतात. स्क्रिप्टमध्ये नुसते 'लिबरऑफिस' लिहिले, तर मात्र दोन्हींपैकी आधी उघडलेली विंडो पुढे येते.

एकाच वर्गाच्या अनेक विंडो असल्या की एका ओळीत काम भागत नाही. दिवाळी अंकाच्या दिवसांत माझ्याकडे तीन-चार लेखांच्या पीडीएफ एकाच वेळी उघड्या असतात आणि पीडीएफची कळ पुन्हा दाबली की पुढची पीडीएफ यावी, अशी माझी अपेक्षा होती. ही फेरी घडवणारी स्क्रिप्ट मी पंधरा-सोळा ओळींत लिहिली. ती डब्ल्यूएम-कंट्रोलकडून यादी घेते, त्यातून हव्या वर्गाच्या ओळी 'ग्रेप'ने निवडते, पहिला रकाना 'ऑक'ने वेगळा करते आणि सध्या समोर असलेल्या विंडोचा क्रमांक एक्सडूटूलकडून विचारते. समोरची विंडो त्या यादीत असेल तर तिच्या पुढची, नसेल तर यादीतली पहिली विंडो ती निवडते आणि 'डॅश आय' व 'डॅश ए' यांनी त्या क्रमांकाची विंडो पुढे आणते. यादी विंडो उघडल्याच्या क्रमाने येत असल्यामुळे फेरीचा क्रमही कायम राहतो आणि ऑल्ट-टॅबसारखा दर वेळी बदलत नाही.

या जोडणीत एक खाचखळगा आहे. डब्ल्यूएम-कंट्रोल विंडोचा क्रमांक षोडशमान (सोळाच्या पटीतल्या) पद्धतीत, पुढे शून्ये भरून आठ अंकी देते. एक्सडूटूल तोच क्रमांक साध्या दशमान पद्धतीत देते. दोन्ही क्रमांक थेट ताडून पाहिले तर ते कधीच जुळत नाहीत आणि फेरी पहिल्याच विंडोवर अडून राहते. 'प्रिंटएफ'ने दशमान क्रमांकाचे आठ अंकी षोडशमान रूप करून घेतले की प्रश्न सुटतो. दोन्ही साधनांच्या माहितीपानांत आपापल्या पद्धतीचे वर्णन आहे, परंतु ती एकत्र वापरणाऱ्याला सावध करणारी सूचना एकाही ठिकाणी नाही, ही उणीव म्हणून मी नोंदवतो.

विंडो शोधण्याचे कामही एक्सडूटूलकडेच का दिले नाही, तर ते मी आधी करून पाहिले आणि सोडून दिले. त्याचा वर्गावरचा शोध प्रोग्रामने आतल्या कामासाठी तयार केलेल्या, पडद्यावर कधीच न दिसणाऱ्या विंडोही शोधून आणतो आणि त्यांना पुढे आणण्याचा प्रयत्न फसतो. फक्त दृश्य विंडो शोधण्याचा पर्याय दिला, तर दुसऱ्या वर्कस्पेसवरच्या विंडो वगळल्या जाण्याची शक्यता राहते. डब्ल्यूएम-कंट्रोलची यादी विंडो मॅनेजरकडून आलेली असल्यामुळे तिच्यात वापरकर्त्याच्या कामाच्याच विंडो असतात. म्हणून यादी एकाकडून आणि समोरच्या विंडोची माहिती दुसऱ्याकडून, अशी वाटणी मी कायम ठेवली.

स्क्रिप्टला चालवण्याची परवानगी देऊन, माझ्या 'एक्सएफसीई' या डेस्कटॉपच्या कळफलक-सेटिंगमध्ये तिचा पूर्ण पथ लिहून मी ती कळांना जोडली. कळांच्या निवडीबाबत मराठीत टंकणाऱ्यांना एक सांगणे आवश्यक आहे. आरंभी मी सुपर कळ (विंडोजचे चिन्ह असलेली) आणि अंक अशा जोड्या केल्या होत्या; इनस्क्रिप्ट मांडणी चालू असताना त्याच अंककळांतून देवनागरी अंक येतात आणि माझ्या यंत्रावर जोडी कधी लागे, कधी लागत नसे. सुपर आणि एफ-1 ते एफ-5 अशा जोड्या केल्यापासून मांडणी कोणतीही असो, कळ चुकत नाही, कारण एफच्या कळांचा अर्थ मांडणीनुसार बदलत नाही. माझ्या बोटांना हा क्रम चार दिवसांत बसला.

डब्ल्यूएम-कंट्रोल विंडोंचा आकारही बदलते. माझा पडदा 1366 गुणिले 768 बिंदूंचा आहे. डावीकडे 683 बिंदूंची पीडीएफ आणि उजवीकडे तेवढेच मूळ लेखन अशी मांडणी मी आणखी एका कळीवर ठेवली आहे. विंडो पूर्ण पडद्यावर पसरलेली असेल तर आकाराची आज्ञा ती मानत नाही. आधी तिचे पसरलेपण काढणारी कमांड द्यावी लागते. विंडो बंद करण्यासाठी 'डॅश सी' हा पर्याय आहे. तो मी स्क्रिप्टमध्ये मुद्दाम ठेवलेला नाही आणि इतरांनीही ठेवू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण शीर्षकाच्या भागावरून चुकीची विंडो पुढे आली तर ती परत मागे टाकता येते, चुकीची विंडो बंद झाली तर तसे करता येत नाही.

आता सर्वांत मोठ्या मर्यादेविषयी. ही दोन्ही साधने 'एक्स'साठी लिहिलेली आहेत आणि लिनक्सचे जग 2008 मध्ये सुरू झालेल्या 'वेलँड' या नव्या चित्रप्रणालीकडे सरकले आहे. वेलँडमध्ये एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या विंडोंची यादी मिळत नाही आणि दुसऱ्याची विंडो पुढे आणण्याचा अधिकारही नसतो. हा निर्णय सुरक्षेसाठी आहे आणि मला तो पटतो. एका प्रोग्रामने दुसऱ्यात परस्पर कळा टंकाव्यात, ही एक्समधली मोकळीक सोयीची तितकीच धोक्याची होती. परिणाम असा, की वेलँडवर डब्ल्यूएम-कंट्रोलला फक्त जुन्या पद्धतीने, अनुकूलन थरातून चालणाऱ्या प्रोग्रामांच्या विंडो दिसतात, यादी अर्धवट येते आणि चूक झाल्याचा संदेशही येत नाही. नवा वापरकर्ता येथे हमखास गोंधळतो. उबुंटूने 17.10 मध्ये वेलँड मुख्य केले, 18.04 मध्ये एक्सकडे परत आले, 21.04 पासून पुन्हा वेलँड स्वीकारले आणि 25.10 मध्ये ग्नोम या डेस्कटॉपबरोबर मिळणारे एक्सचे सत्र काढून टाकले. मिंटच्या एक्सएफसीई आणि सिनॅमन या रूपांत मात्र मुख्य सत्र एक्सचेच असते. आपल्या यंत्रावर काय आहे हे पाहण्यासाठी 'एक्सडीजी-सेशन-टाइप' या चलाची किंमत टर्मिनलमध्ये छापून पाहावी. तेथे 'एक्स-11' दिसले तरच या साधनांवर वेळ खर्च करावा.

वेलँडवर उपाय नाहीत असे नाही, परंतु प्रत्येक डेस्कटॉपचा उपाय वेगळा आहे. 'स्वे' हा विंडो मॅनेजर वापरणाऱ्यांना त्याच्याच निरोप-कमांडने विंडोला पुढे आणता येते आणि ती पद्धत डब्ल्यूएम-कंट्रोलहून अधिक स्वच्छ आहे. केडीई या डेस्कटॉपसाठी एक्सडूटूलच्या धर्तीवर 'केडूटूल' तयार झाले आहे. ग्नोममध्ये एखादे विस्तार-साधन बसवून त्याच्यामार्फत डी-बस या प्रोग्रामांमधल्या निरोपमार्गावरून निरोप द्यावा लागतो. एक्सवरच राहणाऱ्या, परंतु स्वतः स्क्रिप्ट लिहू न इच्छिणाऱ्या वाचकांनी 'जम्पॅप' ही तयार बॅश स्क्रिप्ट घ्यावी. तिच्या पोटातही डब्ल्यूएम-कंट्रोलच आहे आणि फेरीची सोय तिच्यात आधीपासून आहे. नाव टंकून विंडो शोधणे ज्यांना आवडते त्यांच्यासाठी 'रोफी' चांगली आहे, पण तिच्यात पुन्हा यादीकडे पाहावे लागते आणि माझी मूळ तक्रार तीच होती.

या हंगामात कोथरूडला राहणाऱ्या माझ्या तरुण सहकारी मुद्रितशोधिकेने ही व्यवस्था माझ्याकडे पाहिली आणि ती म्हणाली, "सर, मला पाच कळा नकोत. पान आणि शब्दकोश, एवढ्या दोनच द्या." तिच्या नव्या लॅपटॉपवर उबुंटू 22.04 होते आणि सत्र वेलँडचे. लॉगिनच्या पडद्यावर नाव निवडल्यानंतर कोपऱ्यातल्या दातेरी चाकातून 'झॉर्ग'चे, म्हणजे एक्सचे, सत्र निवडले, दोन्ही साधने बसवली आणि फेरीची मोठी स्क्रिप्ट न देता वर्गावर चालणाऱ्या दोन स्वतंत्र ओळी दोन कळांना जोडल्या. कळफलक-सेटिंगमध्ये उभ्या रेघा थेट चालत नाहीत, म्हणून प्रत्येक ओळ तिच्या स्वतःच्या छोट्या फाइलमध्ये ठेवावी लागली. चहा निवायच्या आत काम झाले. ती सध्या एका कथाविशेषांकाची पाने वाचत आहे. तक्त्यासाठी तिसरी कळ हवी असल्याचे तिने काल कळवले आहे.